बिऱ्हाड चाकांवर

जानेवारीत सकाळी आठ वाजता ॲरिझोनाच्या वाळवंटात ऊन लख्ख पडलेलं असतं, तरी हात गारठतात. क्वार्टझसाइट गावाच्या दक्षिणेला, ९५ क्रमांकाच्या महामार्गालगत ला पोसा नावाचं सरकारी मैदान आहे. तिथं सांडपाणी सोडण्याच्या जागेपाशी गाड्यांची रांग लागली आहे. रांगेच्या तोंडाशी एक छोटा ट्रेलर, आणि त्याच्याजवळ सत्तरी ओलांडलेल्या एक बाई गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन बसल्या आहेत. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे. त्यांनी जाड नळा ट्रेलरच्या पोटाला फिरवून बसवला, दुसरं टोक जमिनीतल्या तोंडात घातलं, ते उसळू नये म्हणून वर दगड ठेवला आणि काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह ओढला. काळी टाकी संडासाची. ती पुरती रिकामी झाली की राखाडी टाकीची पाळी; तिच्यात भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी. हा क्रम मोडायचा नाही, कारण मागून येणारं साबणाचं पाणीच नळा धुऊन काढतं.

मागच्या गाडीतल्या नवख्या बाई बघत उभ्या होत्या. न विचारताच त्यांना सल्ला मिळाला : कॅम्पमध्ये नळा कायमचा जोडलेला असला, तरी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. पाणी वाहून जातं, मळ तळाला बसतो आणि वाळून दगड होतो. टाकी भरत आली की एकदम सोडायची.

सल्ला देणाऱ्या बाई मूळच्या ओहायोतल्या, एका शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. पती गेल्यावर दोन वर्षांनी त्यांनी घर विकलं. ‘चाळीस वर्षं त्या घरात राहिले, पण सांडपाण्याचा पाइप कुठून कुठं जातो हे कधी पाहिलं नव्हतं,’ असं त्या मोजे काढताना म्हणाल्या.

या अंकाचा विषय ‘घर’. निवृत्तीनंतर राहतं घर मोडून आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोटारीत किंवा मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये, बिऱ्हाड थाटणाऱ्या अमेरिकन स्त्रिया या विषयाकडे वेगळ्याच बाजूनं येतात. जुन्या घरात कामांची वाटणी ठरून गेलेली होती. ओटा तिचा, गॅरेज त्याचं. चाकांवरच्या घरात ती वाटणी उरत नाही. व्हॉल्व्ह, बॅटरी, ब्रेक, विमा, टपालाचा पत्ता, सगळं तिच्या एकटीच्या हातात येतं. या जगण्याची गोडीही तिथूनच येते आणि दमणूकही.

पाण्याचा आणि उन्हाचा हिशेब

क्वार्टझसाइट हे २०२० च्या जनगणनेनुसार जेमतेम चोवीसशे वस्तीचं गाव. उन्हाळ्यात इथं चिटपाखरू नसतं. हिवाळ्यात मात्र मिनेसोटा, मिशिगन, थेट कॅनडापासूनचे लोक थंडी चुकवायला गाड्या घेऊन उतरतात आणि गावाभोवतीचं वाळवंट भरून जातं. गावातलं प्रसिद्ध स्मारकसुद्धा एका भटक्याचं आहे. अमेरिकन सैन्यानं १८५० च्या दशकात वाळवंटी वाहतुकीसाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अली या उंटवाल्याची कबर इथं आहे. गोऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव ‘हाय जॉली’ झालं. दगडी पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट.

ला पोसाचं मैदान सुमारे ११,४०० एकरांचं. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्यानं १९८३ पासून अशी काही मैदानं दीर्घ मुक्कामासाठी राखली. एरवी या खात्याच्या जमिनीवर साधारण चौदा दिवस राहून पुढं सरकावं लागतं. इथं १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा हंगाम ठिय्या देता येतो आणि त्याचं शुल्क कित्येक वर्षं १८० डॉलर होतं. एवढ्या पैशात अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत चार भिंतींत दोन रात्री निघणार नाहीत. त्या बदल्यात मिळतं काय? मोकळी जमीन, प्यायच्या पाण्याचा नळ, कचऱ्याचे डबे आणि सकाळची ती रांग. वीज नाही. आखलेले रस्ते, भूखंडांचे क्रमांकही नाहीत. पालो व्हर्देच्या एखाद्या हिरव्या खोडाच्या झाडाआडची जागा बघायची, गाडीच्या चाकांखाली ठोकळे सारून ती समपातळीत आणायची आणि खुर्ची बाहेर टाकायची. समपातळी ही काही हौस नव्हे. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज गाडी तिरकी राहिली तर बिघडतो.

मध्यम ट्रेलरच्या टाकीत दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. एका बाईला ते आठ-दहा दिवस पुरवायचं असतं. अंग ओलं करायचं, शॉवर बंद. साबण लावायचा. पुन्हा सोडायचा, तोही मिनिटभर. नळाला गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहतं ते बादलीत धरायचं. ताटल्या आधी कागदानं पुसायच्या, मग फवाऱ्याच्या बाटलीनं धुवायच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीनं पाणी मागवावं लागलेल्या लातूरकरांना यातलं काही नव्यानं शिकवावं लागणार नाही. इथं त्याला आणखी एक पदर आहे. अंघोळीचा, भांड्यांचा प्रत्येक लिटर राखाडी टाकीत जाऊन बसतो, आणि ती भरली की पाणी शिल्लक असूनही अंघोळ बंद.

विजेचंही तसंच. छतावरच्या सौर पट्ट्यांवर दुपारभर ऊन पडतं, बॅटरी चढते. बारा व्होल्टवर दिवे, पाण्याचा पंप, पंखा चालतो. मायक्रोवेव्ह किंवा केस वाळवायचं यंत्र लावायचं तर इन्व्हर्टर लागतो आणि बॅटरी बघता बघता उतरते. त्यामुळे कॉफी गॅसवर, पाव तव्यावर, आणि ढगाळ दिवशी लवकर निजानीज. पहाटे तापमान चार-पाच अंशांवर येतं तेव्हा गॅसचा हीटर लागतो. त्याचा पंखाही बॅटरीच खातो. गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड हुंगणारी पेटी प्रत्येक गाडीत असते. मैत्रीण नव्यानं आली की चहाच्याही आधी तिच्या गाडीतली ही पेटी चालू आहे ना, हे बटण दाबून बघण्याची इथल्या जुन्याजाणत्या बायकांची रीत आहे.

कपाटं रिकामी होतात तेव्हा

या बायकांशी बोलायला बसलं की घर विकल्याची गोष्ट पटकन आटोपते. सामानाची गोष्ट संपत नाही.

अमेरिकेत त्यासाठी इस्टेट सेल नावाची पद्धत आहे. दोन-तीन दिवस घराचं दार उघडं ठेवायचं, प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावायची, आणि अनोळखी लोक खोल्याखोल्यांतून फिरून वस्तू उचलून नेतात. हे काम करणाऱ्या कंपन्या विक्रीतला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त घेतात. घरमालकिणीनं त्या दिवशी तिथं थांबू नये, असं त्या बजावून सांगतात आणि ते बरोबरच आहे. लग्नात मिळालेला बारा माणसांचा चिनी मातीचा संच काचेच्या कपाटात पन्नास वर्षं जपलेला असतो. तो मुलीला नको असतो, सुनेला नको असतो. तो डिशवॉशरमध्ये चालत नाही. गडद लाकडाची जड जेवणाची टेबलं तर फुकटसुद्धा कुणी नेत नाही. जी वस्तू आपण मुलांसाठी म्हणून जपली ती त्यांच्या लेखी अडगळ आहे, हे ऐकणं हाच या सगळ्यातला कठीण भाग, असं एकीनं नाही, अनेकींनी सांगितलं.

काही जणी मध्यम मार्ग काढतात. महिन्याच्या भाड्यानं गोदामातली एक खोली घेतात आणि ‘ठरवू नंतर’ म्हणून निम्मं घर तिच्यात कोंबतात. भाडं दरमहा आपोआप खात्यातून जात राहतं. तीन-चार वर्षांनी शटर वर करावं तर आत कुबट वास मारणारा सोफा आणि भरलेलं भाडं त्याच्या किमतीच्या कितीतरी वर गेलेलं.

गाडीत मात्र भावनेला वजनाची मर्यादा येते, आणि ती छापील असते. ट्रेलरच्या दाराजवळ पिवळी पट्टी चिकटवलेली असते : सामानाचं वजन इतक्या पौंडांपेक्षा जास्त असू नये. समजा ती मर्यादा चारशे किलो आहे. दीडशे लिटर पाणी भरलं की दीडशे किलो तिथंच गेले. उरलेल्या अडीचशेत भांडीकुंडी, कपडे, औषधं, अवजारं, खुर्च्या, डबाबंद अन्न. बिडाचा जड तवा, पुस्तकांची खोकी, शिवणयंत्र यांवर रात्र रात्र विचार होतो. ट्रक थांबतात त्या पंपांवर वजनकाटे असतात. सगळं भरून झाल्यावर गाडी त्यावर चढवायची आणि पावती बघायची. पावतीवरचा आकडा मोठा आला तर तिथंच, ट्रकांच्या गर्दीत, खोकी उघडून बसलेल्या बायका दिसतात. जादा वजनानं टायर फुटतो, ब्रेक लागायला अंतर वाढतं. त्यामुळे या आकड्याशी कुणी हुज्जत घालत नाही.

फोटोंचे अल्बम स्कॅन होऊन बोटाएवढ्या पेटीत जातात. पत्रं एकदा वाचून बहुतेक जणी जाळतात. राहतं ते असं : एकीच्या पलंगावर पतीच्या शर्टांच्या तुकड्यांची गोधडी आहे, चौकटीचे, रेघांचे, एक तुकडा बॉलिंग क्लबच्या बिल्ल्यासकट. पांघरूण लागतंच, म्हणून तिचं वजन हिशेबात धरायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं आहे. मग पहिलं वर्ष संपताना दुसरी चाळणी लागते. बारा महिन्यांत ज्याला हात लागला नाही ते कॅम्पमधल्या ‘फुकट न्या’ टेबलावर. एक वस्तू आत आली की एक बाहेर, हा नियम इथं सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि सूट मोठ्या कपांपाशी मिळते. कप सगळ्यांकडे दोन जास्तच असतात.

हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी घरांनाही येऊन भिडला आहे. १९६५ चा कायदा झाल्यावर तिथं गेलेली पहिली मोठी पिढी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्यापैकी आरव्हीच्या वाटेला जाणाऱ्या क्वचित. बहुतेकींचा ओढा मुलांच्या गावाजवळच्या लहान घराकडे. पण तळघर उपसताना हाती लागतं ते अधिक अवघड असतं : सासूबाईंनी दिलेलं पितळी घंगाळ, दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि देव्हारा. सोफ्याला गिऱ्हाईक मिळेल, पण पूजेतला बाळकृष्ण नातवाला सोपवायचा तर त्याला नैवेद्य दाखवायचा असतो हे त्याला आधी सांगावं लागतं.

पस्तीस वर्षांतली शून्यं

सगळ्याच जणी हौसेनं निघालेल्या नाहीत. हे मैदानावर फिरताना लगेच कळत नाही, कारण जुनी गाडी हौसेची असू शकते आणि नवी कर्जाची.

अमेरिकेतलं सरकारी निवृत्तिवेतन, म्हणजे सोशल सिक्युरिटी, माणसाच्या सर्वाधिक कमाईच्या पस्तीस वर्षांवरून ठरतं. कमाईची वर्षं पस्तीस भरली नाहीत तर उरलेल्या वर्षांच्या जागी शून्य धरून सरासरी काढली जाते. मुलं लहान असताना दहा वर्षं घरी राहिलेली, नंतर आजारी आईसाठी पाच वर्षं अर्धवेळ काम केलेली बाई या हिशेबात शून्यं आणि बारीक आकडे घेऊन उभी राहते. नवरा गेला की आणखी एक कात्री लागते. दोघांची दोन वेतनं येत होती, त्यांतलं मोठं तेवढं विधवेला मिळतं, दुसरं बंद होतं. घरावरचा कर, विमा, छपराची दुरुस्ती मात्र दोघं असताना होती तेवढीच राहते. बायका आयुष्यभर जे काम बिनपगारी करतात, ते म्हातारपणी त्यांच्याच नावे शून्य म्हणून लिहिलं जातं. याहून सरळ अन्याय शोधून सापडणार नाही.

पत्रकार जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात याच बायका आहेत. पुस्तकाच्या मध्यभागी लिंडा मे. साठी उलटलेली, दोन मुली वाढवलेली, तऱ्हेतऱ्हेच्या नोकऱ्या केलेली आणि महिन्याला पाचशे डॉलरच्या आसपास सोशल सिक्युरिटीवर आलेली बाई. तिचा ट्रेलर १९७४ सालचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा फुटांचा. नाव ‘स्क्वीझ इन’, म्हणजे अंग चोरून शिरावं असा. उन्हाळ्यात ती कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या कॅम्पची देखरेख करायची : पावत्या फाडणं, शेकोटीच्या चुली साफ करणं, संडास धुणं. सुटीच्या हंगामाआधी ॲमेझॉनच्या गोदामात. त्या कंपनीनं आरव्हीतल्या हंगामी कामगारांसाठी खास योजनाच चालवली होती. पुढे ती बंद झाली. सत्तरीच्या आसपासची माणसं दहा-दहा तास सिमेंटच्या फरशीवर चालत, वाकत, स्कॅनर चालवत, आणि गोदामात वेदनाशामक गोळ्या फुकट ठेवलेल्या असत, असं ब्रूडर लिहितात. शरद ऋतूत मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटाच्या सीमेवर बीटचा हंगाम. साखरेच्या बीटांचे डोंगर रचायचे, बारा तासांची पाळी, कधी रात्रीची, कधी बर्फाच्या भुरभुरीत.

क्लोई झाओ यांनी या पुस्तकावरून केलेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी तीन ऑस्कर मिळाली. नायिका झालेल्या फ्रान्सिस मॅकडॉरमंडभोवती त्यात खरे भटके वावरतात, लिंडा मे स्वतः आणि स्वँकी नावाच्या बाईही. चित्रपटातली स्वँकी कर्करोगानं जाते. खऱ्या स्वँकींना तो आजार नव्हता.

कॅम्प सांभाळण्याची कामं आजही मिळतात. आठवड्याला वीस-तीस तास काम, बदल्यात वीज-पाण्याची जागा फुकट, काही ठिकाणी वर तासाचे पैसे. ज्यांना निवृत्तिवेतन पुरतं त्यांच्यासाठी हा विरंगुळा असतो. जिला पुरत नाही तिला गुडघा दुखत असला तरी रजा घेता येत नाही. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन ट्रेलरांतला खरा फरक हाच : एकीला परत जायला जागा आहे, बहिणीच्या घरची खोली का होईना. दुसरीचं सगळं एवढंच.

दुसरीचं जगणं अलीकडे अवघड होतंय. २०२४ च्या जूनमध्ये ओरेगनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जागी मुक्काम ठोकणाऱ्यांना दंड करण्याचा नगरपालिकांचा अधिकार मान्य केला, पर्यायी निवारा नसला तरी. खासगी कॅम्पांचा तोरा आणखी निराळा. दहा वर्षांहून जुनी गाडी आत घेणार नाही, असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. १९७४ च्या ट्रेलरला तिथं फाटकातूनच परत फिरावं लागेल.

हात खाली धरायचा

पती-पत्नी मिळून फिरणाऱ्या जोडप्यांत गाडी बहुधा तो चालवायचा, ती नकाशा धरायची. तो आजारी पडला किंवा गेला की तीस फुटी गाडी अंगणात उभीच राहायची. हे ध्यानात घेऊन ‘आरव्हीइंग विमेन’ ही संघटना १९९१ साली ॲरिझोनात सुरू झाली. बायकांनी बायकांना गाडी शिकवायची, तीही दुरुस्तीसकट, हा तिचा पाया. आठ वर्षांनी, १९९९ मध्ये, मॉरी ससमन आणि बेकी क्लार्क या दोन बहिणींनी ‘सिस्टर्स ऑन द फ्लाय’ काढली. मासेमारीच्या छंदातून सुरुवात झाली, आणि आता जुन्या काळातले ट्रेलर दुरुस्त करून, रंगवून रस्त्यावर आणणाऱ्या बायकांचा तो मोठा गोतावळा आहे. पुरुषांना प्रवेश नाही.

ट्रेलर मागे घेणं ही यातली सर्वांत मोठी परीक्षा. मोटार मागे घेताना चाक जिकडे वळवावं तिकडे गाडीचं ढुंगण जातं. ट्रेलर जोडला की उलटं होतं. पहिल्या दिवशी माणूस रडकुंडीला येतो. मोकळ्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून शिकवणाऱ्या बाई एकच युक्ती सांगतात : हात स्टिअरिंगच्या वर ठेवू नका, तळाशी धरा, घड्याळात सहा वाजतात त्या जागी. आता ट्रेलरचं शेपूट जिकडे हवं तिकडे हात सरकवा. डावीकडे हवं, हात डावीकडे. आणि हळू, पायी चालण्यापेक्षाही हळू. कळेना तर थांबा, उतरा, मागे जाऊन डोळ्यांनी बघा. दिवसभरात कितीही वेळा उतरलात तरी चालेल.

बासष्ट वर्षांच्या एका निवृत्त परिचारिकेनं तिसऱ्या प्रयत्नात ट्रेलर दोन शंकूंमध्ये सरळ घातला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरली आणि ट्रेलर पुन्हा बाहेर काढून पुन्हा आत घातला, कारण पहिल्यांदा जमलं ते चुकून जमलं नाही ना, हे तिला पाहायचं होतं.

इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला, जिथं अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही तयार होतात, या गाड्यांचं संग्रहालय आहे. तिथं पॅरामाउंट स्टुडिओनं मे वेस्ट या नटीसाठी बनवून घेतलेली १९३१ ची शेव्हरोले ठेवलेली आहे. आत छोटी चूल, बसायला टेबल, मागे व्हरांड्यासारखा कठडा. गाडी तिच्यासाठी होती खरी, पण चालवायला शोफर होता.

पत्ता कुठला लिहायचा

घर विकलं की एक साधीच अडचण उभी राहते. वाहन परवाना, बँक, विमा, मतदान, आयकर, सगळ्यांना पत्ता हवा असतो, आणि टपाल पेटी चालत नाही. यावर तोडगा काढणाऱ्यांत टेक्ससमधलं लिव्हिंग्स्टन हे लहान गाव अग्रेसर आहे. के आणि जो पीटरसन या जोडप्यानं १९७८ साली ‘एस्केपीज’ हा आरव्हीवाल्यांचा क्लब काढला. के परिचारिका होत्या. क्लबच्या मुख्यालयात सदस्यांचं टपाल येतं, निवडलं जातं आणि ज्या गावी मुक्काम असेल तिथं पाठवलं जातं. देशभर विखुरलेल्या हजारो माणसांचा कायदेशीर पत्ता म्हणजे लिव्हिंग्स्टनमधली रेनबो ड्राइव्ह. टेक्सस, फ्लोरिडा आणि साउथ डाकोटा या तीन राज्यांना या मंडळींची पसंती, कारण तिथं राज्याचा आयकर नाही. साउथ डाकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून परवाना मिळत आला आहे. मतदानाचं मात्र तसं उरलेलं नाही. २०२३ मध्ये तिथं कायदा बदलून तीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली.

पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, आणि इथं पुष्कळ जणी फसतात. मूळ मेडिकेअर देशभरात ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालतं. खासगी कंपन्यांमार्फत मिळणारं मेडिकेअर ॲडव्हांटेज हप्त्याला स्वस्त, वर दात-चष्म्याची लालूच. पण त्याचे डॉक्टर बहुधा ठरावीक परिसरातले. फ्लोरिडात घेतलेली योजना माँटॅनात मोडलेल्या मनगटाला तातडीपुरती उपयोगी पडते, पुढच्या उपचारांना नाही. मुलांच्या आग्रहानं उतारवयात ग्रीन कार्ड घेऊन जाणाऱ्या मराठी आईवडिलांनीही हे ध्यानात ठेवावं : तिथं कामाची नोंद नसेल तर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतसुद्धा घेता येत नाही.

बासष्टी ओलांडलेल्या अमेरिकन नागरिकाला राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत तो दहा डॉलरला होता, मग ऐंशी झाला. पुष्कळ सरकारी कॅम्पांत त्यावर मुक्काम अर्ध्या भावात होतो. पर्समध्ये ओळखपत्राच्या शेजारी तो पास ठेवलेला नाही अशी बाई विरळाच.

रात्री दार लावताना

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला : एकटीला भीती नाही वाटत? उत्तरादाखल युक्त्यांची यादी ऐकायला मिळते. दाराबाहेर दोन खुर्च्या आणि पुरुषाचे मोठ्या मापाचे बूट. गाडीचं तोंड नेहमी रस्त्याकडे, चालकाची जागा मोकळी, किल्ली हुकाला. जागा मनाला पटली नाही तर कारण शोधत न बसता निघायचं, तासाभरापूर्वीच पाय पसरले असले तरी. रोज सकाळी ठरावीक वेळी एका मैत्रिणीला ‘उठले’ एवढा निरोप. दहापर्यंत आला नाही तर ती फोन करणार, नंतर शेजाऱ्याला. यातल्या बहुतेकींना धास्ती चोराची नसते. पायरीवरून पाय घसरून पडण्याची असते. गाडीची पायरी अरुंद, लोंबती, आणि रात्री दवानं ओली. म्हणून दोन्ही बाजूंना कठडे बसवून घेतात.

संध्याकाळी खुर्च्यांचं वर्तुळ जमतं. ज्या दिवशी कुणाची शस्त्रक्रिया असते त्या दिवशी तिच्या कुत्र्याची, औषधांची, टाकी रिकामी करण्याची वाटणी तिथंच होते. हा शेजार दोन-तीन महिन्यांचा असतो, तरी वरवरचा नसतो. पुढच्या हंगामात कुणाची जागा रिकामी दिसली की चौकशी होते.

किती वर्षांसाठी

मग थांबायचं कधी? या मंडळींत त्याला ‘किल्ल्या खुंटीला टांगणं’ म्हणतात आणि त्याबद्दल उघड बोललं जातं. आधी रात्रीचं चालवणं सुटतं. मग दिवसाचं अंतर तीनशे मैलांवरून दीडशेवर येतं. मग ट्रेलर मोटारीला जोडताना वाकवत नाही, मोठा ट्रेलर जाऊन लहान व्हॅन येते. ज्यांना वर्तुळ सोडायचं नाही त्यांच्यासाठी लिव्हिंग्स्टनलाच एस्केपीजनं ‘केअर’ नावाचं केंद्र काढलं आहे. माणसानं आपली आरव्ही तिथं आणून लावायची आणि तिच्यातच राहायचं. तीन वेळचं जेवण मुख्य इमारतीत, धुणं आणि साफसफाईला मदत, डॉक्टरकडे न्यायला गाडी. आजारपणानं थकलेल्या बाईला घर पुन्हा एकदा मोडावं लागत नाही, हे या केंद्राचं मोल. परदेशी वृद्धाश्रमांच्या कहाण्या मराठीत पुष्कळ लिहिल्या गेल्या. या व्यवस्थेबद्दल लिहिलं जायला हवं.

ला पोसावरच्या सर्वांत ज्येष्ठ बायकांपैकी एक एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. या हंगामात त्यांच्यापुढे प्रश्न टायरांचा होता. आरव्हीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. वर्षातले कित्येक महिने उन्हात उभं राहून त्याचं रबर तडकतं. नक्षी नव्यासारखी दिसली तरी सहा-सात वर्षांनी तो बदलायचा असतो. त्याचं वय बाजूवर कोरलेलं असतं. शेवटचे चार आकडे : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाईंच्या ट्रेलरच्या चारही टायरांचं सातवं वर्ष सरत आलं होतं. मुलाचं म्हणणं, हा हंगाम संपवून थांब, कशाला खर्च. दुकानदारानं दोन वर्षांपूर्वी बनलेले, पडून राहिलेले टायर स्वस्तात देऊ केले. बाईंनी ते परत पाठवले, नवे मागवले, आठवडाभर वाट पाहिली, आणि बसवण्याआधी दुकानातल्या पोराला एकेका टायरवरचे चार आकडे मोठ्यानं वाचायला लावले.